एका थेंबात लिव्हरचा कॅन्सर सापडतो का?

दर काही महिन्यांनी मोबाइलवर एक बातमी फिरते. रक्ताच्या एका थेंबातून लिव्हरचा कॅन्सर ओळखणारी चिप तयार झाली, लवकरच बाजारात, वगैरे. फोटोत निळा हातमोजा असतो, चिमटीत नखाएवढा काचेचा तुकडा आणि त्यावर सोनेरी रेघा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. बातमी फिरली की आठवडाभरात कुणीतरी काउंटरवर येऊन विचारतंच, "भाऊ, ते लिव्हरचं मशीन तुमच्याइथं आलं का? किती पैसे लागते?"

विचारणारा उगाच विचारत नाही. त्याच्या घरात कुणाचं तरी पोट पाण्यानं फुगलेलं असतं, पाय सुजलेले असतात, डोळे पिवळे झालेले असतात. आधी गॅसची गोळी झाली, मग झाडपाला झाला, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून सोनोग्राफी झाली आणि तीत आठ-नऊ सेंटिमीटरची गाठ निघाली. हे आधी कळलं असतं तर? प्रश्न रास्तच आहे. तो चिपनं सुटतो का, हे पाहायचं तर चिप आतून कशी चालते ते समजून घ्यावं लागेल. मग बातमीत दम किती आणि हवा किती, हे आपलं आपल्यालाच ओळखता येईल.

लिव्हर हा मोठा सोशीक अवयव. आतल्या मांसाला दुखण्याच्या नसाच नाहीत; वरच्या पातळ आवरणाला ताण बसला तरच दुखतं. शिवाय बराचसा भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम ओढत राहतो. म्हणून गाठ दोन सेंटिमीटरची, सुपारीएवढी असते तेव्हा तो माणूस खुशाल शेतात कापूस वेचत असतो. आणि नेमकी तीच वेळ उपचाराची असते. दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ पोटावरून सुई घालून जाळून टाकता येते. एकच गाठ असेल आणि ती ५ सेंटिमीटरच्या आत असेल, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी आणि प्रत्येक ३ सेंटिमीटरच्या आत, तर लिव्हर बदलण्याचा विचार होतो. इटलीतल्या मिलानच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये घालून दिलेली ही मर्यादा आजही जगभर धरली जाते. या टप्प्यावर उपचार झालेले निम्म्याहून जास्त रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. गाठ पुढे गेली की हिशेब महिन्यांवर येतो. २०२२ साली जगात लिव्हरच्या कॅन्सरचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण सापडले आणि ७ लाख ५८ हजार लोक या आजारानं गेले. हे दोन आकडे इतके जवळजवळ का आहेत, याचं उत्तर 'उशिरा सापडतो' या दोन शब्दांत आहे.

बायोसेन्सर तुमच्या कपाटात आहे

बायोसेन्सर म्हटलं की काहीतरी अवकाशयानातलं वाटतं. पण घरात कुणाला शुगर असेल आणि ग्लुकोमीटर असेल, तर बायोसेन्सर तुमच्या कपाटातच आहे. त्याच्या पट्टीच्या टोकाशी एंझाइमचा वाळवलेला थर असतो. त्याचं काम एकच, ग्लुकोजला धरायचं आणि त्याचे इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे. ते इलेक्ट्रॉन पट्टीवरच्या तारेतून यंत्रात जातात. म्हणजे वीज वाहते, अगदी बारीकशी. ग्लुकोज जास्त तर वीज जास्त. यंत्र ती वीज मोजून पडद्यावर १४० किंवा २६० असा आकडा दाखवतं.

यात दोनच भाग आहेत. एक ओळखणारा, जो रक्तातल्या हजार गोष्टींतून आपल्याला हवी तीच धरतो. आणि दुसरा सांगणारा, जो 'धरलं' ही खबर विजेत, उजेडात किंवा रंगात बदलून आपल्यापर्यंत पोचवतो. ओळखणारा जैविक असतो, म्हणून नाव बायोसेन्सर. ही कल्पना अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क यांची. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड त्यांनी १९५६ मध्ये मांडला आणि १९६२ मध्ये त्यावरच एंझाइमचा थर चढवून साखर मोजायची युक्ती सांगितली. साठ वर्षं उलटून गेली, चिपा कितीही चकचकीत झाल्या, तरी ओळखणारा आणि सांगणारा ही जोडी तीच आहे.

जाता जाता एक गंमत. साखर मोजायचं ते एंझाइम, ग्लुकोज ऑक्सिडेज, मिळवायचं ते अ‍ॅस्परजिलस नायजर नावाच्या काळ्या बुरशीपासून. चाळीतल्या कांद्याच्या सालीखाली काळी भुकटी दिसते ना, ती बहुधा हीच. हिच्याच कुळातली दुसरी एक बुरशी लिव्हरच्या कॅन्सरला कारण होते. तिच्याकडे पुढे येऊ.

साखर सोपी होती, हे अवघड आहे

ग्लुकोमीटर पन्नास वर्षांत घरोघरी पोचला, मग कॅन्सरचा मीटर का नाही? आकडे मांडून पाहू. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात साधारण एक मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. लिव्हरच्या कॅन्सरसाठी आपण जे सर्वात जास्त मोजतो ते एएफपी नावाचं प्रथिन. गर्भातल्या बाळाचं लिव्हर ते भरपूर तयार करतं, जन्मानंतर ते जवळजवळ बंद होतं आणि लिव्हरच्या पेशी बिघडल्या की काही जणांत पुन्हा सुरू होतं. सोव्हिएत रशियात १९६३ मध्ये गॅरी अबेलेव्ह यांना हे उंदरांत आढळलं, पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव्ह यांना माणसांत. मोठ्या माणसात एएफपी मिलिलिटरमागे १० नॅनोग्रॅमच्या खाली असतं आणि २० च्या वर गेलं की डॉक्टरांच्या भुवया उंचावतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. वजनाच्या हिशेबानं हे ग्लुकोजच्या पन्नास हजार पट कमी. त्यातही एएफपीचा रेणू ग्लुकोजपेक्षा शेकडो पट जड, म्हणजे रेणू मोजायला बसलो तर फरक कोटींत जातो.

दुसरी अडचण अशी की एएफपीमधून इलेक्ट्रॉन काढून देणारं एंझाइम नाही. त्याला धरायला अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक गोष्टीलाच चिकटणारं प्रथिन, वापरावी लागते. अँटिबॉडी धरते घट्ट, पण धरल्यावर गप्प बसते. वीज नाही, रंग नाही. म्हणून दुसरी अँटिबॉडी आणायची, तिच्या पाठीवर काहीतरी दिसणारं बसवायचं आणि एएफपीला दोघींच्या मध्ये पकडायचं. आशाताईंच्या पिशवीतल्या गरोदरपणाच्या किटमध्ये हेच होतं. त्यावर उमटणारी लाल रेघ खऱ्या सोन्याच्या कणांची असते. सोनं इतकं बारीक केलं की पिवळं राहत नाही, लाल दिसतं. गडचिरोलीत गावोगावी मलेरिया ओळखायला वापरतात ती पट्टीही याच जातीची.

सेन्सरवाल्यांची पुढची सगळी कारागिरी 'सांगणाऱ्या' भागात आहे. कुणी रेघेच्या रंगाऐवजी वीज मोजतं, कुणी प्रकाशाचा कोन किती बदलला ते पाहतं, कुणी क्वार्ट्झच्या स्फटिकावर प्रथिन चिकटलं की त्याची कंपनं किती मंदावली ते मोजतं. 'ओळखणाऱ्या' भागातही अँटिबॉडीला पर्याय आला, अ‍ॅप्टामर. डीएनए किंवा आरएनएचे लाखो कोटी वेगवेगळे तुकडे घ्यायचे, कॅन्सरच्या पेशींवर ओतायचे, जे चिकटतील ते ठेवायचे, उरलेले धुऊन टाकायचे, चिकटलेल्यांच्या प्रती काढायच्या आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं. अशा दहा-पंधरा फेऱ्यांनंतर त्या पेशीला नेमकं धरणारे मोजके तुकडे हाती लागतात. निवडीची ही मूळ पद्धत १९९० मध्ये दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवली; अख्ख्या पेशींवर ती नंतर वापरली गेली. अँटिबॉडीपेक्षा अ‍ॅप्टामर बनवायला सोपा आणि उष्णता जास्त सोसतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

आता पेशी पकडायच्या. बातमीतल्या चिपा बहुधा याच असतात. गाठीतून काही पेशी सुटून रक्तात येतात. लिव्हरच्या कॅन्सरपेशींच्या अंगावर ग्लिपिकॅन-३ नावाचं प्रथिन बऱ्याचदा असतं, मोठ्या माणसाच्या निरोगी लिव्हरपेशींवर ते नसल्यासारखंच. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर ग्लिपिकॅनला धरणारी अँटिबॉडी किंवा अ‍ॅप्टामर बसवायचा आणि केसाएवढ्या बारीक नळीतून रक्त त्यावरून वाहू द्यायचं. कॅन्सरपेशी तिथं अडकली की इलेक्ट्रोडचा तेवढा भाग झाकला जातो. पेशीचं आवरण स्निग्ध, त्यातून वीज सहजी जात नाही. प्रवाहाला अडथळा वाढतो आणि तो अडथळा मोजला की किती पेशी बसल्या याचा अंदाज येतो. डोकं लावून काढलेली युक्ती आहे, यात शंका नाही.

पण रक्तात गर्दी किती आहे पाहा. एका मिलिलिटरमध्ये लाल पेशी सुमारे ५०० कोटी, पांढऱ्या पेशी ४० लाखांपासून एक कोटीपर्यंत, आणि कॅन्सरपेशी असल्याच तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यात रक्तातली प्रथिनं चिकट. इलेक्ट्रोडवर ती जाऊन बसतात आणि कॅन्सरपेशी नसतानाही अडथळा वाढल्यासारखा दिसतो. म्हणून बरेचसे प्रयोग रक्तावर होतच नाहीत. स्वच्छ मिठाच्या पाण्यात प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरपेशी मोजून टाकतात आणि चिपनं किती पकडल्या ते पाहतात. आकडा छान येतो, शोधनिबंध छापून येतो, बातमी होते.

या प्रयोगांत सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या पेशींची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. त्यांचं नाव हेप-जी-टू. १९७० च्या दशकात अर्जेंटिनातल्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या लिव्हरच्या गाठीतून त्या घेतल्या, त्या आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. मोठ्या माणसांना होणाऱ्या नेहमीच्या लिव्हर कॅन्सरच्या पेशी म्हणून त्या वापरल्या गेल्या. २००९ मध्ये मूळ गाठीचे जुने नमुने पुन्हा तपासले तेव्हा दिसलं की तो लहान मुलांत होणारा वेगळाच कॅन्सर होता, हिपॅटोब्लास्टोमा. त्यानंतरही चिपांच्या चाचण्या हेप-जी-टूवर चालूच आहेत, कारण त्या सहज मिळतात, भराभर वाढतात आणि एएफपीही भरपूर देतात. सेन्सर नीट बसवलाय का एवढंच तपासायचं तर चालतील. रुग्णाच्या गाठीबद्दल दावा करायचा तर नाही चालणार.

थेंबाचा हिशेब

आता 'एका थेंबात' या शब्दांकडे येऊ. इथं शाळेतलं त्रैराशिक पुरतं.

समजा गाठ लहान आहे आणि अंगातल्या पाच लिटर रक्तात मिळून तिच्या १०० पेशी फिरताहेत. मी सिरिंजनं १० मिलिलिटर रक्त काढलं, म्हणजे एकूण रक्ताचा पाचशेवा भाग. त्यात सरासरी किती पेशी येतील? शंभर भागिले पाचशे, शून्य पूर्णांक दोन. म्हणजे पाचपैकी चार वेळा माझ्या नळीत एकही कॅन्सरपेशी येणार नाही. चिप कितीही हुशार असो, नळीत जे आलंच नाही ते ती कुठून पकडणार? आणि हे झालं दहा मिलिलिटरचं. बोटातून काढलेल्या थेंबात मिलिलिटरचा विसावा भाग रक्त असतं. त्यात पेशी सापडण्याची शक्यता हजारात एक.

म्हणजे 'लवकर', 'पेशी' आणि 'एका थेंबात' या तीन गोष्टी एकत्र बसणं अवघड आहे. गाठ लवकरची असेल तर पेशी कमी, आणि पेशी कमी तर थेंब पुरत नाही. म्हणूनच संशोधकांतले बरेच जण पेशींचा नाद सोडून पेशींच्या उष्ट्याखरकट्याकडे वळलेत: मेलेल्या कॅन्सरपेशींतून सांडलेले डीएनएचे तुकडे, पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या, मायक्रो-आरएनए म्हणजे आरएनएचे अगदी छोटे तुकडे. एका पेशीमागे हे हजारोंनी असतात, त्यामुळे नमुन्यात काहीतरी येण्याची आशा जास्त. डीएनएच्या तुकड्यांवरच्या रासायनिक खुणांवरून हा कॅन्सर लिव्हरचाच आहे, असंही सांगता येऊ लागलंय. माझी बोली विचाराल तर मी या बाजूला लावीन.

एएफपीसाठी सेन्सर आणखी संवेदनशील करत बसण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. मोठ्या लॅबमधलं मशीन आजच मिलिलिटरला दोन-तीन नॅनोग्रॅम सहज मोजतं. अडचण मोजण्यात नाहीच. लिव्हर कॅन्सरच्या दर तीन रुग्णांतल्या साधारण एकाची गाठ एएफपी सोडतच नाही, लहान गाठींत तर हे प्रमाण आणखी जास्त. जे नाही ते कितीही बारीक तागडीत मोजलं तरी शून्यच. त्यामुळे एएफपीसोबत त्याचाच एक उपप्रकार एएफपी-एल-३ आणि पिवका-टू नावाचं दुसरं प्रथिन, असं तिन्ही मिळून पाहतात. जपानमध्ये ही रीत आहे. एकाच पट्टीवर तिन्ही मोजणारा स्वस्त सेन्सर निघाला, तर त्याची बातमी मी स्वतः फॉरवर्ड करीन.

पिवळं पाणी सगळ्यांचंच निघतं

आमच्या भागात कावीळ उतरवणारे आहेत. रुग्णाला परातीसमोर बसवतात, मंत्र पुटपुटतात आणि हातावर चुन्याची निवळी सोडतात. परातीत पिवळंधमक पाणी जमतं. घरचे म्हणतात, पाहा, कावीळ उतरली. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हाच प्रयोग गावोगावी करून दाखवतात: हाताला आधीच आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लागलेला असतो, चुन्याची निवळी पडली की तो पिवळा होतो. कावीळ नसलेल्या सरपंचाला बसवा, त्याच्या हातूनही पिवळंच पाणी निघेल. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, श्रेय परातीला जातं.

रंग तर बदलला, मग ही तपासणी का नाही? कारण ज्याला आजार नाही त्याच्या बाबतीत ती गप्प बसत नाही. आजार असलेल्याला 'आहे' म्हणणं हे तपासणीचं अर्धं काम. नसलेल्याला 'नाही' म्हणणं हे उरलेलं अर्धं, आणि बातम्यांत हे दुसरं अर्धं जवळजवळ कधीच नसतं.

लिव्हरच्या बाबतीत हे दुसरं अर्धं फार नाजूक आहे. एएफपी गरोदरपणात वाढतं, अंडकोषाच्या काही गाठींत वाढतं, आणि हिपॅटायटिस, म्हणजे लिव्हरची सूज, उफाळला तरी वाढतं. पिवका-टू रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या गोळीनंही वाढतं. एखाद्या संशोधनात एका बाजूला कॅन्सरचे रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला धडधाकट कॉलेजची पोरं घेतली तर कुठलाही सेन्सर पास होईल. खरी परीक्षा असते सिरॉसिसवाल्यांत, म्हणजे लिव्हर आक्रसून गाठाळलेल्या लोकांत. त्यातल्या कुणाला कॅन्सर आहे आणि कुणाला नाही, हे सेन्सरनं वेगळं करून दाखवायला हवं. बातमी आली की मी एवढंच शोधतो: रक्त कुणाचं घेतलं, किती जणांचं, आणि त्यात सिरॉसिस आहे पण कॅन्सर नाही असे किती होते. बहुतेक वेळा उत्तर असतं, रक्त कुणाचंच नाही, मिठाचं पाणी.

बरं, समजा चांगला सेन्सर आला. शंभर आजाऱ्यांतले नव्वद पकडतो, शंभर निरोग्यांतल्या नव्वदांना बरोबर 'नाही' सांगतो. ऐकायला उत्तम. आता दहा हजार वस्तीच्या गावात कॅम्प लावा, मंडप घाला, सरसकट सगळ्यांना टोचा. समजा गावात लिव्हर कॅन्सरचा एक रुग्ण आहे. तो बहुधा सापडेल. पण उरलेल्या ९,९९९ जणांतल्या हजाराच्या आसपास लोकांनाही 'पॉझिटिव्ह' असा कागद मिळेल. हजार घरांत रडारड, हजार माणसं एसटीनं नागपूरला, हजार सीटी स्कॅन. कुणी त्यासाठी बैल विकेल, कुणी सावकाराकडे जाईल. त्या हजारांत खरा एक.

तोच सेन्सर सिरॉसिस असलेल्या हजार लोकांवर वापरा. सिरॉसिसवाल्यांत वर्षाला शंभरात एक ते चार जणांना लिव्हरचा कॅन्सर होतो. आपण दोन धरू, म्हणजे हजारात २०. त्यातले १८ सापडतील. कॅन्सर नसलेल्या ९८० पैकी ९८ जणांना चुकीचा पॉझिटिव्ह येईल. एकूण ११६ कागद, त्यातले १८ खरे, सहात एक. या ११६ जणांना नागपूरला पाठवणं शहाणपणाचं आहे. सेन्सर तोच, फक्त लावला कुणाला हे बदललं.

मग ते हजार जण कोण, हे आधी माहीत हवं, आणि इथं आपली गाडी अडते. ज्याला लोक पांढरी कावीळ म्हणतात ती हिपॅटायटिस बी वर्षानुवर्षं अंगात राहते, काहीही त्रास न देता. ही असेल तर सिरॉसिस न होताही कॅन्सर होऊ शकतो. म्हणून अशा पुरुषांनी चाळिशीनंतर आणि बायकांनी पन्नाशीनंतर नियमित तपासणीत राहायचं असतं. हिपॅटायटिस सी रक्तातून येते. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ, त्यांतल्या काहींना वारंवार रक्त चढतं, आणि रक्तपेढ्यांत सी ची तपासणी सक्तीची होण्याआधी ज्यांनी रक्त घेतलं त्यांनी तर एकदा पाहून घ्यायलाच हवं. शिवाय दारू, आणि अलीकडे न पिणाऱ्यांच्याही सोनोग्राफीत दिसणारं फॅटी लिव्हर. बी आणि सी दोन्हींची पट्टीवरची तपासणी मिनिटांत होते. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. सी तर बहुतेकांची तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरी होते. बी जात नाही, पण गोळीनं दबून राहते. आणि नव्या बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत बी ची लस दिली तर हा सगळा पाढा त्याच्यापुरता वाचावाच लागत नाही. तैवाननं १९८४ मध्ये बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली, आणि दहा-बारा वर्षांत तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर निम्म्यावर आला.

ढेपेतली हिरवट बुरशी

मघाची ती दुसरी बुरशी, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. ओलसर शेंगदाणे, मका, मिरची, सरकीची ढेप यांवर हिरवट-पिवळी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत हे सापडलं. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. हे झालं एकदम पोटात गेलेल्या विषाचं. थोडं थोडं वर्षानुवर्षं जात राहिलं तर ते लिव्हरपेशींच्या डीएनएत पी-५३ या राखणदार जनुकाच्या ठरावीक जागी बिघाड करतं. शांघायमधल्या अठरा हजारांवर पुरुषांच्या अभ्यासात फक्त अफ्लाटॉक्सिन असलेल्यांना धोका सुमारे तिप्पट दिसला, फक्त हिपॅटायटिस बी असलेल्यांना सातपट, आणि दोन्ही असलेल्यांना जवळजवळ साठपट. उकळून, भाजून हे विष पुरतं जात नाही. जनावरानं बुरशीची ढेप खाल्ली तर त्याचं बदललेलं रूप दुधात उतरतं.

यासाठीचे सेन्सर मात्र आज बाजारात आहेत. अफ्लाटॉक्सिनची पट्टी धान्याच्या व्यापारात वापरतात. ती वाचायची उलटी: विष असेल तर रेघ पुसट होते किंवा जाते, नसेल तर ठळक उमटते. रेणू इतका लहान की दोन अँटिबॉडींच्या मध्ये धरता येत नाही, म्हणून ही उलटी मांडणी. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत पुढे प्रक्रियेला जाणाऱ्या शेंगदाण्यांना किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. कॅन्सरची चिप यायची तेव्हा येईल; ढेपेच्या गोदामात आणि दूध संकलन केंद्रावर पट्टी आजही लावता येते, आणि तिथं एक पट्टी एका माणसाचं नाही, अख्ख्या पोत्याचं सांगते.

तोवर सिरॉसिस किंवा जुनी बी असलेल्यांसाठी पद्धत ठरलेली आहे: दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, सोबत एएफपी. सहा महिने यासाठी की गाठ दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात. ही पद्धतही काही बिनचूक नाही. लवकरच्या गाठींतल्या निम्म्याहून थोड्या जास्त नुसत्या सोनोग्राफीला दिसतच नाहीत; एएफपी जोडलं की शंभरात त्रेसष्टच्या आसपास सापडतात. चांगल्या सेन्सरची खरी जागा मला या दोन सोनोग्राफींच्या मधे दिसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात, फ्रीज नसला आणि वीज गेली तरी चालणारी पट्टी, त्याच माणसाची दर दोन महिन्यांनी. तिनं २० चा आकडा ओलांडायची वाट पाहायची गरज नाही, कारण त्याचा आधीचा आकडा काय होता हे तिच्याजवळ असेल.

हे आजच्या रिपोर्टांतही करता येतं आणि फारसं कुणी करत नाही. एखाद्याचं एएफपी वर्षाच्या सुरुवातीला २, मग ४, मग ८ आलं, तर तिन्ही कागदांवर 'नॉर्मल' छापलेलं असतं, कारण तिन्ही आकडे मर्यादेच्या आत आहेत. पण ते दर वेळी जवळजवळ दुप्पट होत चाललेत. लॅब बदलली की किट बदलतं आणि आकडाही थोडा बदलतो, म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये करा आणि जुने कागद फेकू नका. तिन्ही एकावर एक ठेवून डॉक्टरांना दाखवा. सोनोग्राफीत काही दिसत नसलं तरी ते ट्रिपल फेज सीटी, म्हणजे शिरेतून औषध देऊन तीन टप्प्यांत काढायचा स्कॅन, लिहून देण्याचा विचार करतील.